पिनाक की पिनाका?

प्रश्न असा आला आहे: 'ट्रकवरून रॉकेटं सोडणाऱ्या आपल्या लष्करी यंत्रणेला बातम्यांत कधी पिनाक म्हणतात, कधी पिनाका. बरोबर काय? शिवाय कुणी तिला रॉकेट म्हणतं, कुणी क्षेपणास्त्र, कुणी तोफ. मराठीत नेमकं काय म्हणावं?'

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. पिनाक. शेवटी काना नाही.

पिनाक म्हणजे शंकराचं धनुष्य. अमरकोशात 'पिनाकोऽजगवं धनुः' असं आहे, आणि शिवाच्या नावांमध्ये 'पिनाकी'ही आहे, म्हणजे पिनाक धारण करणारा. ज्यांच्या घरी श्रावणात रुद्र म्हणतात त्यांच्या कानात 'पिनाकं बिभ्रदा गहि' बसलेलं असेल. तिथे रुद्राला विनवलं आहे की बाकीची आयुधं दूर झाडावर ठेव आणि नुसतं धनुष्य घेऊन ये. मूळ शब्द अकारान्त आहे, याबद्दल कुठेही दुमत नाही.

मग काना आला कुठून? रोमन लिपीतून. मूळ शब्दाच्या शेवटच्या 'क'मधला अ रोमन स्पेलिंगमध्ये लिहिला गेला आणि तो वाचताना आपण त्याचा आ केला. योगचं योगा झालं ते असंच. गंमत अशी की ज्या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने पिनाक घडवला, त्याच डीआरडीओची त्रिशूल, नाग आणि आकाश ही नावं आपण कधी त्रिशूला, नागा, आकाशा अशी लिहीत नाही. कारण त्यांच्या रोमन स्पेलिंगच्या शेवटी तो जादाचा स्वर नाही. एकाच घरातल्या चार नावांपैकी एकाच नावाला काना लागतो, तो निव्वळ स्पेलिंगमुळे. दक्षिणेत शब्दाच्या शेवटचा अ स्पष्ट उच्चारतात, तिथे 'पिनाक' ऐकतानाही आपल्याला काना ऐकू येतो हे खरं, पण तो उच्चार तिथला. आपण मराठीत तो अ गिळतो आणि तेच आपल्याला साजेसं आहे.

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. काना लावून लिहिणारेसुद्धा 'पिनाकाची चाचणी', 'पिनाकाने', 'पिनाकातून' असंच लिहितात. ही पिनाक या शब्दाची अगदी नियमाप्रमाणे झालेली रूपं आहेत: विनायक, विनायकाची, विनायकाने. मूळ शब्द घोड्यासारखा आकारान्त धरला असता तर 'पिनाक्याची चाचणी' म्हणावं लागलं असतं. दादा, काका हे शब्द आकारान्त असूनही बदलत नाहीत, त्यामुळे एवढ्याच पुराव्यावर निकाल देता येत नाही, पण अमरकोश सोबत घेतला की शंका राहत नाही. चूक दिसते ती फक्त प्रथमेत. 'पिनाका सज्ज' हे 'विनायका आला' म्हटल्यासारखं होतं. विनायका ही तर हाक झाली.

आता दुसरा भाग, आणि तोच जास्त महत्त्वाचा. पिनाक हे धनुष्य आहे, बाण नव्हे. हे नाव फार विचारपूर्वक ठेवलेलं आहे असं मला मनापासून वाटतं. डोळ्यांसमोर आणा: आठ चाकांचा टाट्रा ट्रक, त्याच्या पाठीवर दोन पेट्या, प्रत्येकीत सहा नळ्या. ट्रक थांबतो, चार पाय जमिनीवर रोवतो, पेट्या वर उचलल्या जातात आणि ४४ सेकंदांत बाराच्या बारा रॉकेटं निघून जातात. शत्रूला ठिकाण कळायच्या आत ट्रकने जागा सोडलेली असते. सहा ट्रकांची मिळून एक बॅटरी, म्हणजे एका दमात ७२ रॉकेटं. (तोफखान्यात बॅटरी म्हणजे तुकडी. बातमीत हा शब्द उघडा टाकला तर वाचकाला टॉर्चमधला सेल आठवतो, तेव्हा 'सहा वाहनांची तुकडी' लिहावं.) यातला ट्रक आणि नळ्या म्हणजे पिनाक. जे उडतं ते पिनाकाचं रॉकेट. म्हणून 'पिनाक डागला' हे मला खटकतं. तोफ डागतात, कारण तिच्या कानाला बत्तीचा डाग द्यायचा असे. बाण सोडतात.

आणि बाण हाच इथला अस्सल शब्द आहे. अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत आणि पानिपतच्या बखरींत बाण येतात ते बहुधा धनुष्याचे नव्हेत. बांबूला बांधलेली, दारू भरलेली नळी, म्हणजे रॉकेटच. टिपूच्या फौजेतल्या ज्या रॉकेटांनी इंग्रजांना हैराण केलं, त्याच जातीची. तेव्हा रॉकेटला अग्निबाण म्हणणं हे कुणी शब्दकोशात बसून पाडलेलं नाणं नाही, जुन्याच शब्दाला दिलेला खुलासा आहे. सैन्यातले शब्द निसटतात याचं आणखी एक उदाहरण म्हणजे गोलंदाज. पेशवाईत तो तोफ चालवायचा, आज चेंडू टाकतो. देवळालीला दरवर्षी तोफखान्याचा जो प्रात्यक्षिक सराव होतो, त्याचं नाव हिंदीतून 'तोपची' ठेवलेलं आहे. तो शब्द आपल्याकडे गोलंदाजच होता.

क्षेपणास्त्र म्हणावं का? साधारण भेद असा की सुटल्यावर ज्याची दिशा बदलता येत नाही ते रॉकेट, आणि जे वाटेत स्वतःला वळवतं ते क्षेपणास्त्र. साधा पिनाक ३८ ते ४५ किलोमीटरवर मारा करतो. गाइडेड पिनाकाच्या रॉकेटला पुढे छोटे पंख आहेत, ते उपग्रहाच्या संकेतांवरून वाट सुधारत सुमारे ७५ किलोमीटर जातं. इथे भेदाची रेघ पुसट होते हे मान्य. तरी लष्कर त्याला रॉकेटच म्हणतं आणि त्याची जागा तोफखान्यातच आहे. अमेरिकेच्या हायमार्स या ट्रकवरच्या रॉकेट यंत्रणेचंही तसंच: एका पेटीत सहा गाइडेड रॉकेटं, किंवा त्यांच्या जागी एक मोठं क्षेपणास्त्र. युक्रेनने २०२२च्या उन्हाळ्यापासून ती वापरली, तेव्हा मराठी बातम्यांत दोन्ही शब्द सरमिसळ झाले. गाइडेडसाठी मी 'दिशानियंत्रित' लिहितो. मार्गदर्शित चुकीचं नाही, पण त्यातून दहावीनंतरच्या शिबिराचा वास येतो.

हे शब्द आपण नीट वापरावेत असं मला वाटतं, त्याला आणखी एक कारण आहे. पिनाकाचा आराखडा पुण्यात पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेने केला. कारगिलच्या लढाईत १९९९ साली तो चाचणीच्या अवस्थेतच डोंगरात नेला गेला. फेब्रुवारी २०२५मध्ये संरक्षण मंत्रालयाने त्याच्या दारूगोळ्यासाठी जे मोठे करार केले, ते नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया यांच्याशी. आणि परदेशात हे धनुष्य पहिल्यांदा घेतलं ते आर्मेनियाने.

तर 'पिनाका क्षेपणास्त्र डागले' हे वाक्य हाती आलं, तर मी ते असं दुरुस्त करीन: 'पिनाकातून बारा दिशानियंत्रित अग्निबाण सोडले.' अग्निबाण जड वाटला तर रॉकेट ठेवा.