चावी नुसतीच गोल फिरते!

प्रश्न : माझी गाडी पंधरा वर्षं जुनी आहे. गेल्या आठवड्यात रात्री कोणीतरी ड्रायव्हरच्या दाराला चावीच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून दार उघडलं आणि स्टिरिओ काढून नेला. आता चावी आत जाते पण नुसतीच गोल फिरते, दार लॉक होत नाही, आणि हँडलजवळचा पत्राही आत दबलाय. गॅरेजवाला म्हणतो इग्निशनसकट पूर्ण लॉक सेट बदला. एवढा खर्च या गाडीवर करू का?

उत्तर : अजिबात नको, निदान दार उघडून बघेपर्यंत तरी नको. इग्निशनला चोराने हातच लावला नसेल तर ते बदलायचं कशाला? काही खोलायच्या आधी फोटो काढा, पोलिसात तक्रार द्या आणि चोरीचा विमा असेल तर कंपनीला कळवा. क्लेम करायचा की नाही ते नंतर ठरवा, कारण आपल्या खिशातून जाणारा हिस्सा आणि गेलेला नो क्लेम बोनस धरला तर जुन्या गाडीत बऱ्याचदा हातात काहीच उरत नाही.

आपण ज्याला सरसकट लॉक म्हणतो ना, त्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. चावी जाते तो बॅरल, दाराच्या कडेला खांबाला पकडणारा लॅच, आणि दोघांना जोडणारा बारीक रॉड. चावी आतच गेली नसती तर बॅरलमधल्या पितळी पत्त्या वाकल्या असं म्हटलं असतं, पण तुमची मोकळी फिरते म्हणजे बहुतेक बॅरलची मागची जीभ तुटलीय नाहीतर रॉडची प्लॅस्टिक क्लिप उडालीय. क्लिपच असेल तर काम चिल्लरमध्ये झालं समजा!

काच पूर्ण वर करून डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतल्या बाजूचं आवरण, काढा. आर्मरेस्टचे आणि आतल्या हँडलमागचे स्क्रू, मग कडेच्या क्लिपा एकेक करून, ओढाताण केली की त्या हमखास तुटतात. काच हँडल फिरवून वर-खाली होणारी असेल तर त्या फिरवायच्या हँडलमागे फडक्याची कड घालून दोन्ही बाजूंनी घासल्यासारखी ओढा, आतली स्प्रिंग क्लिप टुणकन उडते, कुठे पडते तिकडे लक्ष ठेवा (मी एकदा अर्धा तास गाडीखाली शोधत होतो आणि ती माझ्याच शर्टाच्या खिशात होती). दारात एअरबॅग असेल तर मात्र स्वतः हात घालू नका. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाडू नका, नीट सोडवून परत चिकटवा, नाहीतर पावसाचं पाणी गाडीत येतं.

बॅरल बऱ्याच गाड्यांत आतून एका यू आकाराच्या क्लिपने धरलेला असतो, ती सरकवली की बाहेर. जीभ तुटली असेल तर भंगारातून त्याच मॉडेलचा, त्याच बाजूचा बॅरल आणा, आणि चावीवाल्याला जुना-नवा दोन्ही द्या, तो जुन्यातल्या पत्त्या नव्यात बसवून देतो, मग तुमची तीच चावी चालते. तेही नको असेल तर भंगारातल्या बॅरलबरोबर त्याची चावी मिळते का बघा, दोन चाव्या खिशात ठेवायच्या, त्यात काय एवढं.

दबलेला पत्रा बॅरल बाहेर असतानाच आतून लाकडाचा ठोकळा धरून हळूहळू ठोका. अगदी सपाट नाही झाला तरी चालेल, पण बॅरल तिरका बसता कामा नये. रंग उडाला असेल तिथे प्रायमर लावा, नाहीतर गंज धरतो.

आणि हे विसरू नका, पॅड बसवायच्या आधी दार उघडंच ठेवून लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करा, चावी फिरवून बघा, आतलं-बाहेरचं दोन्ही हँडल ओढून बघा. थेट दार आपटून बंद केलं आणि रॉड नीट बसला नसला तर ते उघडायला नाकी नऊ येतात.

प्रश्न : माझंही असंच झालंय, पण मला सेंट्रल लॉकिंगचा रिमोट आहे. मग ते भोक बुजवून टाकलं तर?

उत्तर : दुसऱ्या कुठल्या दाराला चावीचं भोक असेल आणि ते चालत असेल तर खुशाल बुजवा. नसेल तर नको, गाडीची बॅटरी उतरली की रिमोट दाबत बसाल आणि बॉनेट उघडायचा खटका तर आत असतो.