दुपारी दोनला रीस्टार्ट होणारा सर्व्हर

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत सॉफ्टवेअरच्या तक्रारी कमी आहेत. विजेच्या आणि उन्हाच्या जास्त. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा नवल नाही.

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ या छोट्या, एका बोर्डाच्या कॉम्प्युटरवर घरचे फोटो आणि दोन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवतो. पाय पत्र्याखालच्या माळ्यावर आहे आणि मोबाइलच्या चार्जरवर चालतो. रात्री काही त्रास नाही, पण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान तीन-चारदा रीस्टार्ट होतो. खाली आणून कूलरसमोर ठेवला तर जमेल का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : खाली आणा, पण कूलरसमोर नको.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पाय तापला की मंदावतो. ८० अंशांपासून तो स्वतःचा वेग कमी करू लागतो, पण एवढ्यावरून तो सहसा रीस्टार्ट होत नाही. रीस्टार्ट होतोय म्हणजे पहिला संशय करंटवर घ्यायचा. खात्री करायला टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘व्हीसीजेनसीएमडी’ला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारा, म्हणजे vcgencmd get_throttled ही आज्ञा द्या. उत्तर ० आलं तर सगळं ठीक. ५०००५ आलं तर शेवटचा ५ सांगतो की या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि वेगही आवळलेला आहे. सुरुवातीचा ५ सांगतो की सुरू झाल्यापासून हे आधीही घडलं आहे. शेवटी ८ दिसला तर मात्र उन्हाचा मामला. हे दुपारी अडीचला बघा, रात्री दहाला बघून उपयोग नाही. रीस्टार्ट झाला की जुन्या नोंदी पुसल्या जातात, हेही ध्यानात असू द्या.

पायला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात आणि ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तो कुरकुरतो. आता केबलकडे बघा. बाजारात मिळणाऱ्या दोन मीटरच्या बारीक केबलमध्ये २८ गेजची (म्हणजे फार बारीक) तार असेल, तर जाऊन-येऊन चार मीटर तांब्याचा रोध साधारण ०.८५ ओहम भरतो. एक अँपिअर वाहिला की ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्च! चार्जर अगदी ५.१ देत असला तरी पायच्या तोंडी ४.२५ च पोचणार. त्यात माळ्यावरच्या धगीत स्वस्तातला चार्जर स्वतःच भाजून निघतो आणि हात आखडता घेतो. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग यूएसबीला जोडलेल्या एसएसडी डिस्कवर होत असेल तर तिचाही भार याच केबलवर. रात्री जे कसंबसं निभतं, ते दुपारी निभत नाही.

उपाय साधा आहे. पायसाठीच बनवलेला ५.१ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, तार जाड आणि एक मीटरच्या आत ठेवा, आणि पाय खालच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला टांगा. जुनं धाब्याचं घर असेल तर याहून चांगली जागा नाही. फक्त वरून माती झिरपते, म्हणून डब्याची जाळी खालच्या बाजूला हवी. पंखा जरूर लावा, पण तो खोलीच्या तापमानाखाली काही नेऊ शकत नाही. खोलीत ४२ असेल आणि पाय ३० अंशांनी जास्त तापत असेल, तर ७२ वर समाधान माना.

कूलरचं कारण असं. आपल्याकडे टाकीत बोअरचं पाणी जातं. हवेबरोबर उडणाऱ्या बारीक तुषारांत क्षार असतात. जो पांढरा थर वाळ्याच्या जाळीवर धरतो, तोच बोर्डाच्या पिनांवर धरतो, आणि ओलसर क्षारातून करंट फिरू लागतो. खोलीत कूलर चालू राहिला तर हरकत नाही, झोतात ठेवू नका. कूलर आणि पाय एकाच एक्स्टेंशन बोर्डावरही नकोत.

एसडी कार्डाची तपासणी करून घ्या. इतक्या रीस्टार्टनंतर ते धड असेलच असं नाही.

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर केला आहे, दोन हार्डडिस्क आहेत. घराला इन्व्हर्टर असूनही लाईट गेली की पंखे चालू राहतात आणि सर्व्हर मात्र रीस्टार्ट होतो.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : लाईट गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर जाईपर्यंत क्षणभर खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही, एसएमपीएसला (कॉम्प्युटरच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) कळतो. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. जुन्याचे कपॅसिटर सुकले की तेवढंही नाही. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चं बटण असेल तर ते दाबून बघा, बदली बरीच लवकर होते. तोटा असा की या मोडमध्ये इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या आसपासच बॅटरीवर उडी मारतो. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडणाऱ्या गावात त्याची बॅटरी लाईट असतानाच रिकामी होईल.

तिथे ६०० व्हीएचा छोटा यूपीएस बरा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल (म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत नव्हे, चौकोनी लाट देणारा) तर यूपीएस त्याच्या मागे लावू नका, बरेच यूपीएस ती लाट मान्यच करत नाहीत आणि स्वतःची बॅटरी संपवत बसतात. इन्व्हर्टर वगळून थेट वीजमंडळाच्या लाईनवर घ्या. आतली बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचची, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. ६० वॉटच्या सर्व्हरला प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास धरा. आपल्या उन्हाळ्यात ती दोन वर्षांत थकते. तपासायला ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून प्लग काढा. दहा मिनिटांत विझला तर बॅटरी बदला.

यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून ‘नट’ हे सॉफ्टवेअर बसवा आणि अर्धी बॅटरी उरली असतानाच सर्व्हर बंद व्हायला सांगा. ‘लो बॅटरी’च्या इशाऱ्यावर विसंबू नका, थकलेली बॅटरी इशारा न देताच बसते. इथे हमखास एक फसगत होते. सर्व्हर शिस्तीत बंद झाला, पण यूपीएस चालूच होता आणि तेवढ्यात लाईट आली. सर्व्हरच्या लेखी वीज कधी गेलीच नाही, म्हणून तो झोपूनच राहतो. बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज आल्यावर सुरू हो’ ठेवलेलं असूनही! म्हणून बंद होण्याच्या शेवटच्या टप्प्यात यूपीएसचा आउटपुट तोडण्याची आज्ञा ‘नट’मध्ये चालू करा. ती आहे की नाही, हे एकदा प्लग काढूनच बघायचं.

प्रश्न : राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला सर्व्हरकडे वाट करून दिली, तरी बाहेरून घरचा सर्व्हर उघडत नाही.
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : राउटरच्या पानावर वॅनचा (म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा) आयपी पत्ता बघा. त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. सार्वजनिक पत्ता तुमचा एकट्याचा नाहीच. कितीही फॉरवर्ड केलं तरी उपयोग नाही. केबलवाल्याकडे स्टॅटिक आयपी (कायमचा स्वतःचा पत्ता) मागा, नाहीतर टेलस्केल वापरा, ते तुमची उपकरणं खासगी जाळ्यात जोडतं. घरच्या फोटोंपुरतं दुसरंच बरं, पोर्ट उघडं ठेवावं लागत नाही.

प्रश्न : मळ्यातल्या घरी सर्व्हरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एप्रिलपासून वाढलं आहे.
— एक वाचक, चाळीसगाव तालुका

उत्तर : अर्थिंग तुटलं आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर निम्मं, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज तरंगतं. करंट नगण्य, पण नेटवर्क कार्ड आणि एचडीएमआयचे पोर्ट याने मरतात.

एप्रिलचं कोडं काळ्या मातीत आहे. ती सुकली की भेगाळते आणि अर्थिंगच्या रॉडला सोडते. खड्ड्यात मीठ-कोळसा नव्याने भरून उन्हाळाभर आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी घाला. मग वायरमनकडून मोजून घ्या : फेज-अर्थ हे फेज-न्यूट्रलइतकंच यायला हवं, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत.

कुणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थची पिन तारेने जोडून देतो म्हणाला, तर त्याला हात लावू देऊ नका. उद्या मीटरकडून येणारी न्यूट्रल वाटेत तुटली की अख्खं कॅबिनेट फेजवर येतं.