तुझं गाणं ने, देशाचं नको

प्रिय पोरी,

तुझा निरोप काल रात्री वाचला. परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्गात ‘आवडतं गाणं’ असा तास ठेवलायस, आणि आपल्या बाजूनं अभंग न्यावा, लावणी न्यावी की गीतरामायण, इथे तुझं घोडं अडलंय. माझं ऐकशील तर तिन्ही नको. त्यातलं एखादं मनापासून आवडत असेल तर खुशाल ने, पण तू नमुना शोधते आहेस हे यादीवरूनच कळतंय. गीतरामायणाचंच घे. पुणे आकाशवाणी, १९५५ सालची रामनवमी, वर्षभर दर आठवड्याला एक अशी ५६ गाणी, गदिमा कोण, बाबूजी कोण... एवढं सांगेतो घंटा होईल. मुलं निमूट वहीत उतरवून घेतील आणि गाणं राहून जाईल.

विद्यापीठ चौकात सिग्नलला अडकल्यावर हेल्मेटच्या आत तू जे गुणगुणतेस, ते ने. जाहिरातीचं असलं तरी चालेल.

हे मला चूक करून कळलंय. पहिल्यांदा असा तास घेतला तेव्हा मी फळ्यावर लिहिलं होतं, ‘तुमच्या देशाचं एक गाणं’. दोन राष्ट्रगीतं आली, तीन लोकगीतं आली. मग नायजेरियातल्या कानोहून आलेला एक उंच मुलगा उभा राहिला आणि जुन्या हिंदी सिनेमातलं गाणं म्हणायला लागला. वर्ग हसला. मीही हसले आणि म्हणाले, “अरे, हे तर आमचं झालं. तुमच्याकडचं म्हण ना.” तो खाली बसला. तास संपल्यावर दारात थांबून म्हणाला, “मॅडम, माझी आई कपडे वाळत घालताना हे म्हणते. तिला हिंदी येत नाही.” मग मी जरा वाचलं. कानोत लेबनॉनी व्यापाऱ्यांनी कित्येक दशकांपूर्वी हिंदी सिनेमे आणले, ते तिथे रुळले, आणि त्यांच्या चालींवर हौसा भाषेत भक्तिगीतंसुद्धा रचली गेली. म्हणजे ते गाणं त्याच्या घरात त्याच्याआधीपासून नांदत होतं, आणि मी मात्र त्याला पासपोर्ट विचारत बसले. पुढच्या तासाला पुन्हा म्हणायला सांगितलं तर ‘विसरलो’ म्हणाला. अजून टोचतं ते.

‘गाण्याचा अर्थ काय’ हे सुरुवातीला विचारू नकोस. विचारलंस की मोबाइलवरचं भाषांतर वाचून दाखवतील. त्याऐवजी विचार, पहिल्यांदा कुठे ऐकलंस, घरात कोण म्हणतं, कुणाला ते अजिबात आवडत नाही. शेवटच्या प्रश्नावर वर्ग हमखास मोकळा होतो, कारण बाप नावाचा प्राणी सगळ्या देशांत सारखाच. मग तीन-चार ओळी फळ्यावर घे. ओळखीचे शब्द आपोआप वर येतात. इराणी मुलाच्या लेखी ‘तराने’ म्हणजे साधं गाणं, आपल्याकडे तराणा म्हटलं की तोम् तनन. टांझानियाच्या मुलीच्या तोंडी ‘गारी’ (आपली गाडी) आणि ‘दुका’ (आपलं दुकान) आले की बाकीची मुलं चकितच होतात.

पण ‘हे तर आमच्यासारखंच!’ ही उडी जरा जपून मार. एका वर्षी इथिओपियाच्या मुलीनं एक गाणं लावलं आणि दुसऱ्याच ओळीला मला भूप राग ऐकू आला. सा रे ग प ध, तेच पाच स्वर. मी पेटी ओढली आणि दहा मिनिटं भूप समजावला. ती हसून ऐकत राहिली. नंतर कळलं की त्या स्वरावलीला आणि त्या धाटणीच्या गाण्यांनाही तिच्याकडे ‘तिझिता’ म्हणतात, आणि शब्दाचा अर्थ आहे आठवण. कुणाची आठवण, हे ती सांगणार होती. माझ्या भूपात ते बुडालं. पेटी ने, पण पहिला अर्धा तास झाकून ठेव.

येमेनचा किंवा सुदानचा कुणी इजिप्तच्या गायिकेचं, उम्म कुलसूमचं गाणं आणेल. त्यातली काही तास-तासभर चालतात. कापायला तू जाऊ नकोस. “यातली तीन मिनिटं तूच निवड” म्हण. कुठली निवडली आणि कुठली टाकताना जिवावर आलं, यावरच निम्मा तास निघतो.

एक गोष्ट मात्र मी तुला बजावून सांगते. वर्गात व्हिडिओ काढू द्यायचा नाही आणि ग्रुपवर टाकायचा तर नाहीच. तालिबाननं संगीतावर बंदी घातली आहे. इराणमध्ये १९७९च्या क्रांतीनंतर पुरुषांसमोर बाईनं एकटीनं गाण्याला मनाई आहे. आपल्याकडे कौतुकानं टाकलेली क्लिप कुणाच्या घरी कशी पोचेल, आपल्याला कळणार नाही. कुणी धर्मामुळे संगीत ऐकत नसेल तर त्याला कविता आणू दे, आणि त्याचं कारण चारचौघांत विचारू नकोस.

मराठी मातीतलं काही न्यायचंच असेल तर जात्यावरची ओवी ने, पण तुझ्या आजीला येत असेल तरच. पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइटवाँ यांनी लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलं. तूही तसंच कर. ‘महाराष्ट्रातलं लोकगीत’ म्हणू नकोस, आजीचं नाव सांग, गाव सांग, जातं कुठे ठेवलेलं असायचं ते सांग.

वर्गातल्या स्पीकरवर विसंबू नकोस, ऐन वेळी तो खरखरतो. माझा छोटा स्पीकर रविवारी येऊन घेऊन जा. चार्जरची पिन जरा ढिली आहे, वायर डावीकडे मुडपून धरावी लागते. आणि येशील तेव्हा सिग्नलवरचं ते गाणं म्हणून दाखव, मी हसणार नाही.

तुझी,
बाई