रविवारी 25च माणसं येतात म्हणून चर्च बंद करावं का?

तुम्ही विचारलंय की रविवारी जेमतेम 25 जण येतात, वरून आढावा समिती नेमलीय, तर शेजारच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांत, विलीन होऊन इमारत विकून टाकावी का. माझं उत्तर नाही असंच आहे, कारण 6 वर्षांपूर्वी आमच्या चर्चचं हेच झालं.

आमच्याकडे समिती आली ती नेमकी सुट्टीतल्या रविवारी. डोकी मोजली 34, तिसऱ्या बाकाखाली गळतीची बादली दिसली, आणि अहवालात आलं की अख्खं छत बदलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून सगळे गप्प. माझे दीर तेव्हा खजिनदार, ते म्हणाले मंडळी म्हणजे माणसं, भिंती नव्हेत. सगळ्यांनी माना डोलवल्या. पुढच्या शनिवारी मी मुलाला शिडीवर चढवलं तर दोन उतारांच्या मधल्या पन्हळीत कबुतराचं घरटं, कुजलेला पाला आणि त्यात रुजलेलं वीतभर रोप, म्हणजे पाणी तुंबून कौलांखालून आत येत होतं. बादलीभर गाळ काढला, पुढच्या पावसात एक थेंब गळला नाही. जुन्या इमारतींची बरीचशी दुखणी अशी तुंबलेल्या पन्हळीत असतात, नाहीतर चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते त्यात. मी कमिटीला फोटो दाखवले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता निर्णय झालाय."

आज त्या 34 पैकी 11 जण शेजारच्या चर्चला जातात. बुधवारच्या प्रार्थनेला ज्या म्हाताऱ्या बायका चालत यायच्या त्यांचं तर सगळंच बंद झालं, कारण अहवालात बुधवार नव्हताच. माणसं म्हणजे मंडळी ना, मग उरलेल्या 23 जणांच्या घरी एकदा तरी जायला नको होतं का?

तेव्हा तुमच्या समितीला आठवडाभराचा हिशोब द्या, कोण कधी येतं, कुणाला चालत दुसरीकडे जाणं शक्य नाही, सगळं. आणि जागा कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा, पुष्कळदा ती ट्रस्टच्या किंवा डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्मप्रांताच्या, नावावर असते आणि मंडळीला विकायचा अधिकारच नसतो. बंद करायचं म्हणजे विकायचंच असंही नाही. इंग्लंडमध्ये वापरात नसलेल्या चर्चेससाठी 1969 मध्ये निधी म्हणून एक संस्था उभारली, तीच आज 350च्या वर चर्चेस सांभाळते आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी अधूनमधून उपासनाही होते.

हां, भिंतच धोकादायक झाली असेल किंवा डागडुजीपायी पाळकांचा पगार थकत असेल तर विलीन व्हा, हट्ट करू नका. स्कॉटलंडच्या चर्चने 2021 मध्ये कायदाच केला की प्रत्येक प्रेस्बिटरीने, म्हणजे त्या त्या भागातल्या चर्चेसच्या मंडळाने, कुठल्या इमारती ठेवायच्या आणि कुठल्या सोडायच्या ते ठरवायचं, म्हणजे ही वेळ मोठमोठ्यांवर आलीय. पण बंद करायचंच ठरलं तर शेवटच्या उपासनेच्या आधी बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची रजिस्टर्स मोजून, सही घेऊन ताब्यात द्या. आमची बाप्तिस्म्याची 2 रजिस्टर्स कुठल्या कपाटात आहेत हे आज भाऊजींनाही सांगता येत नाही, आणि त्यातल्या एकात माझ्या मुलाचं नाव आहे.