मुलगी सहावीत आहे, रोज सकाळी पोटात दुखतं म्हणून शाळेत जात नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणतात अँग्झायटी आहे, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. एवढ्या लहान वयात हे होतं का? आणि गोळ्यांची सवय लागली तर?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि बराच वेळ झोप लागली नाही, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात अगदी हेच चालू होतं, फक्त मुलगी नाही मुलगा, आणि सहावी नाही सातवी. मी डॉक्टर नाही, सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. पण पोरासाठी म्हणून जे विचारलं, वाचलं, करून बघितलं ते सगळं सांगते, लांबलं तर समजून घ्या.

आधी तुमचा पहिला प्रश्न. हो, होतं, याहून लहान मुलांनाही होतं. आणि तिचं पोट खरंच दुखतं, हे घरातल्या प्रत्येकाच्या मनात आधी बसवा. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, छाती धडधडते, हातपाय गार पडतात, पोटात मळमळतं, कळ येते, ते काय पोरं ठरवून करत नाहीत. रविवारी दुखत नाही आणि सोमवारी सकाळी सात वाजता दुखतं म्हणजे नाटक आहे असं आमच्याकडे सगळे म्हणायचे, पण रविवारी न दुखणं हीच तर भीतीची खूण असते.

आमच्या मुलाला सहावीत असताना वर्गात एकदा उलटी झाली. पोरं हसली, आठवडाभर चिडवलं, मग विसरली. तो नाही विसरला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ठीक होता, जूनमध्ये शाळा उघडली आणि तिसऱ्या दिवसापासून पोटदुखी सुरू. जंताचं औषध झालं, रक्त-लघवी झाली, सोनोग्राफीत पोटात बारीक गाठी दिसल्या म्हणून अँटिबायोटिक झालं (तशा गाठी खूप मुलांना असतात हे पुढे कळलं, तेव्हा मात्र मी देवासमोर बसून रडले होते), सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. एक दिवस ह्यांनी त्याला हाताला धरून ओढत शाळेत नेऊन बसवलं, तर दुसऱ्या दिवशी तो बाथरूमची कडी लावून आत बसला, दोन तास. शेवटी ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांनीच सांगितलं की आता पोट बघणं थांबवा आणि मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आम्ही ते ऐकून परत सहा आठवडे घालवले, लोक काय म्हणतील या विचारात. ते सहा आठवडे मला अजून टोचतात, कारण शाळा जितके दिवस बुडते तितकं परत जाणं अवघड होत जातं, म्हणून तुम्ही थांबू नका एवढंच म्हणेन.

पहिल्या भेटीत मानसोपचारतज्ज्ञांनी तासभर नुसतं विचारलं. आमच्याशी वेगळं, त्याच्याशी वेगळं. ते वेगळं बोलणं फार महत्त्वाचं आहे, तुमच्याकडेही आग्रह धरा, कारण शाळेला न जाण्यामागं कधी कधी कोणी त्रास देत असतं, व्हॅनमध्ये कोणी अंगाला हात लावत असतं, किंवा पोरीला वाचायलाच जमत नसतं, अक्षरं जुळवताना अडखळायला होतं आणि वर्गात उभं राहून वाचायची पाळी आली की धडकी भरते. तिथं नुसती भीती घालवून काय होणार, मूळ कारणालाच हात घालावा लागतो. आमच्या गल्लीतली एक मुलगी २०१९ च्या महापुरानंतर पावसाचा आवाज आला की थरथरायची, तिचे उपचार आमच्यापेक्षा वेगळे होते, कारण तो बसलेला धक्का होता. त्यांनी आम्हाला थायरॉइड आणि हिमोग्लोबिनपण तपासून घ्यायला सांगितलं, ते ठीक निघालं.

मग सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, सुरू झाली, आठवड्यातून एकदा, सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे. मला वाटलं होतं मॅडम त्याला समजावून सांगतील आणि भीती जाईल. तसं काही नसतं हो. विचार तपासणं असतं त्यात, म्हणजे "उलटी होणारच" याला पुरावा काय, झालीच तर नक्की काय होईल, वगैरे, पण खरी मेहनत असते ती ज्याची भीती वाटते त्याच्याकडं थोडं थोडं जाण्याची. ही गोष्ट जुनी आहे. १९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली होती, तो आवडीचं खात असताना ससा आधी लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ, शेवटी पोरगा सशाला हात लावून खेळायला लागला. मॅडमनी ही गोष्ट सांगितली तेव्हा आमचा मुलगा पहिल्यांदा त्यांच्याकडं बघून हसला.

त्याची भीतीची शिडी, म्हणजे सोप्यापासून अवघडापर्यंतच्या पायऱ्या, त्यानेच कागदावर काढली. सगळ्यात खालच्या पायरीवर, संध्याकाळी शाळा सुटल्यावर युनिफॉर्म घालून गेटपर्यंत जायचं. मग मधल्या सुट्टीत मैदानात बसायचं. मग फक्त चित्रकलेचा तास. मग मधल्या सुट्टीपर्यंत. प्रत्येक पायरीला भीती शून्य ते दहा किती ते तो वहीत लिहायचा, आधी, मध्ये आणि नंतर. गेटपाशी पहिल्या दिवशी आठ होती. पंचवीस मिनिटं तिथंच उभे होतो, मी काही बोलायचं नाही असं ठरलेलं, आणि ती चारवर आली आणि उलटी झाली नाही. घरी आल्यावर तो स्वतः म्हणाला, आई, आपोआप कमी झाली. त्याला हे कळण्यासाठीच सगळा खटाटोप असतो, पळून गेला असता तर कधी कळलंच नसतं. सगळ्यात वरची पायरी कुठली होती माहितेय? त्याच्या खिशात कायम घडी घातलेली एक प्लास्टिकची पिशवी असायची, उलटी आली तर म्हणून. ती घरी ठेवून शाळेत जायचं. आम्हाला त्या पिशवीबद्दल आधी माहीतही नव्हतं.

आता जे सांगायचंय ते आईबापांबद्दल, आणि माझ्या मते उपचारांतला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. मॅडमनी आम्हाला एक वही दिली आणि म्हणाल्या, त्याच्या भीतीपोटी तुम्ही दिवसभरात काय काय करता ते आठवडाभर लिहा. लिहिलं. मी रोज सकाळी "उलटी होणार नाही ना आई" याला "नाही होणार रे राजा" असं उत्तर देत होते, एका सकाळी मोजलं तर एकतीस वेळा. शाळेबाहेर लिंबाच्या झाडाखाली स्कूटीवर बसून राहत होते, त्यासाठी अर्ध्या पगारी रजा काढली होती. हॉटेलात जाणं बंद, लग्नात जेवायचं नाही, दुकानात त्याच्या वतीनं मीच बोलायचं. माया म्हणूनच करत होते सगळं, पण प्रत्येक वेळी त्याला कळत काय होतं, की आईलासुद्धा वाटतंय मला हे झेपणार नाही. आणि ह्यांचं ओरडणं हे त्याच्या बरोबर उलटं टोक होतं. मधली वाट आम्हाला शिकवली ती अशी, दोन वाक्यं, तेवढीच, रोज: "भीती वाटतेय ना, कळतंय मला. आणि तू निभावशील, तेही माहितेय." मग परत प्रश्न आला तरी उत्तर द्यायचं नाही, पोळ्या लाटत राहायचं. पहिले चार दिवस तो चिडला, ताट सरकवलं, मला म्हणाला तुझं माझ्यावर प्रेमच नाही. आतून तुटायला होतं, पण धरून ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न एकतीसवरून सहावर आले.

नंतर वाचनात आलं की येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी १२४ मुलांवर अभ्यास केलाय, त्यात निम्म्या घरांत फक्त आईवडिलांना असं शिकवलं, मुलांना थेरपिस्टकडं नेलंच नाही, तरी त्या मुलांना सीबीटी घेतलेल्या मुलांइतकाच फरक पडला. म्हणून म्हणते, मुलगी थेरपीला यायला तयार नसेल तरी तुम्ही दोघं जा.

आता गोळ्या. आमच्याकडं दीड महिना थेरपी झाली, फरक होता पण तो अर्ध्या शाळेवर अडकला आणि वजन उतरत होतं, म्हणून डॉक्टरांनी सर्ट्रालीन नावाची भीती-चिंता कमी करणारी गोळी सुरू केली, अगदी कमी डोसनं. मीही तुमच्यासारखीच घाबरले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर एक मोठी ट्रायल, म्हणजे उपचारांची चाचणी, झाली, २००८ ला छापून आली, बारा आठवड्यांनी सीबीटी आणि सर्ट्रालीन दोन्ही मिळालेल्यांपैकी ८१ टक्के मुलं बरीच सुधारली, फक्त सीबीटीवर ६० टक्के, फक्त गोळीवर ५५, आणि नुसत्या खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीवर २४ टक्के. म्हणजे सौम्य त्रास असेल तर आधी थेरपीच, आणि जास्त असेल, किंवा थेरपी मिळतच नसेल, तर गोळीलाही नाही म्हणायचं कारण नाही. व्यसन लागावं अशी ही गोळी नाही. झोपेच्या किंवा लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, त्या वेगळ्या, आणि पोरांना त्या सहसा देत नाहीत. पण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात आणि पहिल्या दोन आठवड्यांत पोट बिघडणं, बेचैनी, झोप कमी असं होऊ शकतं, आमच्याकडं झालं.

एक गोष्ट मात्र कोणी लपवली तरी तुम्ही विचाराच. २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापायला लावला, कारण ट्रायल्समध्ये गोळी घेणाऱ्या मुलांपैकी ४ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं, खोट्या गोळीवर २ टक्के. त्या ट्रायल्समध्ये जीव कोणाचाच गेला नव्हता. तरी सुरुवातीचे काही आठवडे आणि डोस बदलला की पोरीवर नीट लक्ष ठेवायचं, एकदम चिडचिड, रात्र रात्र जागणं, जगून काय करू असं बोलणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, चक्कर येते, भीती उसळते. आमची वर्षभर चालली आणि मग दोन महिन्यांत थोडी थोडी कमी करत बंद केली.

पूर्ण बरा झाला का, तर परीक्षेच्या आधी अजून पोटात गोळा येतो त्याच्या. त्या ट्रायलमधल्या मुलांना सहाएक वर्षांनी परत बघितलं तेव्हा निम्म्याहून थोडी कमीच मुलं पूर्ण मोकळी होती, म्हणजे त्रास परत डोकावू शकतो. आमच्याकडं डोकावतो तेव्हा तो वही काढतो.

खर्चाचं म्हणाल तर खासगी थेरपी महाग पडते हे खरंय. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, तिथं विचारा. आणि १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आज रात्रीसुद्धा लावू शकता. शाळेत क्लासटीचरला आधी भेटून ठेवा, आमच्या बाईंनी महिनाभर त्याला दाराजवळचा बाक दिला आणि उभं करून वाचायला लावलं नाही, मग हळूहळू ती सवलतही काढली.

आणि तिला खोटं सांगून नेऊ नका. आम्ही डोळे तपासायला जातोय म्हणून नेलं, त्याने खाली बोर्ड वाचला आणि पहिले दोन सेशन तोंड उघडलं नाही. तिसऱ्या वेळी त्याने डॉक्टरांना एकच विचारलं, मी वेडा आहे का? ते खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, नाही रे, मांजर बसलं तरी अलार्म वाजणारी गाडी बघितलीस ना, गाडीत काही बिघाड नसतो, अलार्म तेवढा जरा जास्त हळवा असतो, तो आपण दोघं मिळून नीट करू. तिला तुम्ही घरीच, निघायच्या आदल्या दिवशी, असं काहीतरी तिला पटेल ते सांगा, आणि तिने विचारलं की तू पण आत येणार ना, तर खरं ते सांगा, की थोडा वेळ मी असेन आणि थोडा वेळ तू एकटी बोलशील.