स्टेनलेस स्टीलच्या स्लॅगमधलं क्रोमियम कधी पक्कं राहतं आणि कधी पाण्यात उतरतं?

स्लॅगमध्ये (पोलाद बनवताना वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या मळीत) क्रोमियम किती आहे यापेक्षा ते कोणत्या खनिजात बसलंय हे पाहा. आणि ते मुख्यतः चुना आणि सिलिका यांच्या गुणोत्तरावर, म्हणजे बेसिसिटीवर ठरतं.

बेसिसिटी १ ते १.५ च्या आसपास आणि मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड), अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) पुरेसं असेल, तर बहुतेक क्रोमियम स्पिनेल या टिकाऊ ऑक्साइड खनिजात जातं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे कोनदार, उजळ कण करड्या सिलिकेटमध्ये रोवलेले दिसतात. पाणीच काय, सौम्य आम्लालाही ते सहसा दाद देत नाहीत. वितळलेला स्लॅग सावकाश थंड केला तर ते आणखी मोठे होतात.

बेसिसिटी २ कडे गेली की डायकॅल्शियम सिलिकेट हे चुना-सिलिकेचं खनिज वाढतं, आणि खरी डोकेदुखी तिथे आहे. त्यात विरघळलेलं क्रोमियम तुलनेने सहज सुटतं. शिवाय साधारण ५०० अंश सेल्सिअसखाली या सिलिकेटचं बीटा स्फटिकरूप गॅमात बदलतं, आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी फुगतं आणि दगडासारख्या ढेकळाचं अक्षरशः पीठ होतं. त्या भुकटीत चुना आणि हवा एकत्र आले की त्रिसंयुजी क्रोमियमचं षट्संयुजी, म्हणजे जास्त ऑक्सिडीकृत, रूप होऊन पिवळं कॅल्शियम क्रोमेट तयार होऊ शकतं. ते पाण्यात विरघळतं आणि कर्करोगकारक आहे.

मात्र बेसिसिटी उतरवायला म्हणून भट्टीतच चुना कमी करू नका. पोलादातलं गंधक निघणार नाही, भट्टीचं मॅग्नेशियाचं अस्तरही झिजेल. सिलिका किंवा अ‍ॅल्युमिना स्लॅग ओतल्यावर, तो वितळलेला असतानाच मिसळणं मला जास्त पटतं.