एपी किती घ्यावेत?

ताई, शेजारचा मुलगा सहा एपी (अमेरिकेतल्या हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे कोर्स) घेतोय म्हणून लेकीलाही सहा घ्यायला लावू नका, कळकळीने सांगते. दहावीत एकच पुरे, तोही तिच्या आवडीचा. माझ्या मुलाने अकरावीत पाच घेतले. मे महिन्यात, परीक्षांच्या आठवड्यात, रात्री दीडला केमिस्ट्रीच्या वहीवरच डोकं टेकून झोपलेला दिसला. पेन्सिल हातातच. आजही ते आठवून वाईट वाटतं.

कॅलिफोर्नियात असाल तर एक हिशेब बघा: यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) पात्रतेसाठीच्या जीपीएत, म्हणजे सरासरी ग्रेडमध्ये, एपीसारख्या कोर्सचे जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरचेच धरतात, म्हणजे वर्षभराचे चार कोर्स. त्यापुढचा कोर्स खरोखर विषयाची ओढ असेल तरच घ्यावा. घरचा अभ्यास किती पडतो, हे तो कोर्स केलेल्या मुलांनाच विचारा.